ऑनलाइन विक्रीचा पैसा आणि प्राप्तिकर

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गेल्या हंगामात आपले एक सभासद कर खात्याचे पत्र घेऊन गट ऑफिसात आले. स्वतःच्या उसाचा गूळ आणि शेजारच्या चौघांकडून घेतलेला गूळ, असा मिळून वर्षभरात चौदा लाखांचा माल त्यांनी मोबाईलवरून विकला होता. विवरणपत्र भरलेले नव्हते. "साहेब, शेतीच्या पैशाला कर नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले. आम्ही गप्प झालो. गट सभेत आम्ही तसे बोललो होतो खरे, पण ते अर्धेच होते. राहिलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख. (नोंदीचा ऊस कारखान्यालाच घालायचा, हे वेगळे सांगायला नकोच. येथे विचार आहे तो नोंदीबाहेरच्या उसाचा आणि इतर मालाचा.)

शेतीचे उत्पन्न कशाला म्हणायचे?

माल आठवडी बाजारात विकला काय आणि ऑनलाइन विकला काय, कराच्या दृष्टीने फरक पडत नाही. प्रश्न तीनच. माल कोणी पिकवला? त्याच्यावर काय प्रक्रिया केली? विकला कोणी?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने शेती उत्पन्नाला सूट दिली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, शेतीची सूट मात्र कायम ठेवली. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी जेवढे सर्वसाधारणपणे करावे लागते, तेवढेच करून तो विकला तर ते शेतीचे उत्पन्न. मळणी, उफणणी, वाळवण, प्रतवारी यांनी काही बिघडत नाही. घरची हळद शिजवून, वाळवून विकली तर ती शेतीच. पण तीच हळद दळून, पुड्या बांधून, नाव छापून विकली की दळणापासून पुढचा भाग धंद्यात जातो.

ऊस रोपवाटिका चालवणाऱ्या सभासदांना एक दिलासा आहे. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचेच धरावे, असे २००८ सालच्या वित्त कायद्याने स्पष्ट केले. मात्र दुसऱ्याच्या रोपवाटिकेतून तयार रोपे आणून विकली तर तो व्यापार झाला. दूध, तूप, कोंबड्या, अंडी हे कामही आपण शेतकरीच करतो, पण कर कायद्यात ते शेती उत्पन्न नाही. घरातली वापरलेली सायकल किंवा फ्रीज विकला तर त्याची चिंता नको. जुन्या वस्तू घेऊन विकण्याचाच उद्योग केला, तर मात्र तो धंदा.

गुळाचा हिशेब

गुळाबाबत गोंधळ जास्त होतो. आपल्या भागात ऊस आहे तसा विकला जातो. म्हणून गूळ करणे ही उसाला बाजारात नेण्याची अटळ पायरी धरली जात नाही. मग सगळा पैसा कराला पात्र का? तसेही नाही. नियमाप्रमाणे दोन भाग करायचे: उसाच्या बाजारभावापर्यंत शेती, त्याच्या पुढे धंदा.

सोयीसाठी आकडे धरू. घरचा ५० टन ऊस गाळून साडेपाच टन गूळ झाला आणि १०० रुपये किलोने विकला. विक्री ५,५०,००० रुपये. उसाचा बाजारभाव टनाला ३,००० धरला तर उसाची किंमत १,५०,००० रुपये. गुऱ्हाळाची मजुरी, पॅकिंग, पार्सल आणि कंपनीचे कमिशन मिळून २,२०,००० रुपये. राहिले १,८०,००० रुपये, तो धंद्याचा नफा. उसाचे दीड लाख शेतीकडे गेले. लागण, खत, पाणीपट्टी यांचा खर्च त्या दीड लाखातूनच वजा होतो, गुळाच्या नफ्यातून पुन्हा वजा करता येत नाही. बाजारभावाचा पुरावा म्हणून त्याच हंगामाचे आपले ऊस बिल उपयोगी पडते. ते जपून ठेवावे.

शेजाऱ्याकडून विकत घेतलेल्या गुळाला यातले काही लागू नाही. तो संपूर्ण व्यापार. खरेदी-विक्रीची वार्षिक उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर सोपी पद्धत आहे. बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा.

"बारा लाखांपर्यंत कर नाही ना?"

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. नव्या कर पद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी धंद्यासारखे करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलत वजा जाता कर शून्य होतो. पण करपात्र उत्पन्न चार लाखांच्या पुढे गेले की विवरणपत्र भरावेच लागते. कर शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे.

दुसरे असे की, शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांवर आणि दुसरे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात घेतात. शेतीवर कर लागत नाही, पण दुसऱ्या उत्पन्नाचा टप्पा त्यामुळे वर सरकू शकतो. म्हणून शेतीचा आकडाही विवरणपत्रात खरा लिहावा.

खात्याला कळते कसे?

ऑनलाइन विक्री करून देणाऱ्या कंपनीने विक्रीच्या रकमेतून कर कापण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला. तेव्हा दर एक टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला. वैयक्तिक विक्रेत्याची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असून त्याने पॅन किंवा आधार दिले असेल तर कपात होत नाही. कापलेली रक्कम आपल्या नावे जमा असते आणि विवरणपत्र भरले की ती हिशेबात मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खात्याकडे जातो तो एकूण विक्रीचा आकडा. बँकेत येते ती कमिशन आणि पार्सलखर्च कापून. पासबुकावर साडेचार लाख आणि खात्याच्या विवरणात साडेपाच, असा फरक दिसला की माणूस घाबरतो. कंपनीचा महिन्याचा हिशेब जपला असेल तर हा फरक पाच मिनिटांत उलगडतो.

एवढे जरूर करावे

१. सातबारा वडिलांच्या नावावर आणि विक्रीचे खाते मुलाच्या पॅनवर, असे करू नये. त्यामुळे पिकवणारा एक आणि विकणारा दुसरा असे दिसते. ज्याची शेती, त्याच्या पॅनवर खाते.

२. घरचा माल आणि विकत घेतलेला माल यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. शेजाऱ्याकडून घेतलेल्या मालाची सहीची पावती घ्यावी.

३. गुऱ्हाळावर उसाचे वजन आणि निघालेला गूळ त्याच दिवशी लिहावा.

४. विक्रीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे.

५. पिशवीबंद, लेबल लावलेल्या गुळाला जीएसटी लागतो. त्याचे नियम निराळे आहेत, ते कर सल्लागाराकडून आधी समजून घ्यावेत.

कागदाची किंमत सहकारी कारखान्यांनाही ठाऊक आहे. सभासदांना दिलेला जादा ऊसदर हा खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, असे धरून कर खात्याने वर्षानुवर्षे कारखान्यांवर आकारणी केली. २०१५ मध्ये कायदा दुरुस्त झाला. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या आकारणी वर्षांनाही सवलत मिळाली, तो दिलासा सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा सांगितला गेला. पण सवलत मागायची तर जुनी ऊस बिले दप्तरात असावीच लागतात.

आमच्या त्या सभासदांची खरी अडचण कराची नव्हतीच. चौदा लाखांपैकी घरचा गूळ किती आणि शेजाऱ्यांचा किती, हे त्यांना सांगता येईना. वही नव्हती, पावत्या नव्हत्या. आम्ही दोन दिवस बसून गुऱ्हाळवाल्याच्या टिपणांवरून जमेल तेवढे जुळवले. आता त्यांच्या घरी दोन वह्या आहेत आणि त्या त्यांच्या सौभाग्यवती लिहितात.

ज्या सभासदांची ऑनलाइन विक्री चालू आहे, त्यांनी ऊस नोंदीचा उतारा आणि ऊस बिलाची प्रत लागल्यास आपल्या गट ऑफिसातून घेऊन जावी, ही विनंती.