पाटा का मोडतो?

ठाण्याच्या नौपाड्यात एखाद्या गॅरेजात जुना टेम्पो उभा असेल, तर मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील. हा पाटा. तो धक्के सोसतो, शिवाय आस जागेवर धरतो. मुख्य पट्टी मोडली तर चाकच सरकू शकते.

पावसाचे पाणी पट्ट्यांच्या फटींत केशाकर्षणाने शिरते व लवकर वाळत नाही. आत ऑक्सिजन कमी; नेमके तिथेच लोखंड विरघळून खळगे पडतात. खाडीकडच्या हवेतील मीठ त्याला हातभार लावते.

पट्टी फारशी झिजलेली नसते. घातक असतो तो खळगा! ताणलेल्या रुंद पट्टीत बारीक गोल भोक असेल, तर त्याच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो. खळग्याच्या तळाशीही तो असाच एकवटतो. हादऱ्याहादऱ्याने तिथला तडा वाढतो आणि एके दिवशी नेहमीच्याच ओझ्याने पट्टी तुटते. तुटलेले तोंड पाहा: जुन्या तड्याचा भाग तांबूस, शेवटी तुटलेला मात्र चकचकीत.