चिवचिवाटाला छप्पर हवं!

तुमच्या परसातल्या कोंबडीचे पाय पिवळे आहेत? मग त्या पिवळ्या रंगाचं मूळ सह्याद्रीतल्यासारख्या जंगलात आहे. जगभरच्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक त्याचं नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली त्या जनुकाचा माग काढला, तेव्हा तो आपल्या राखी रानकोंबड्यापाशी येऊन थांबला. हा पक्षी फक्त भारतातला. महाबळेश्वर, कोयना, आंबोलीच्या रानात पहाटे त्याचं तुटक आरवणं आजही ऐकू येतं. म्हणजे पार अमेरिकेतल्या फार्मवरची पिवळ्या पायांची कोंबडीही आपल्या घाटाची दूरची नातलग!

दुसरी गंमत भाताची. कोंबडी माणसाळली कशी, यावर २०२२ साली मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. नक्की पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडं त्यात थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची ठरली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. कोरडवाहू भाताची शेती सुरू झाली, दाणे सांडू लागले आणि रानकोंबडे आपण होऊन माणसाच्या अंगणात आले.

तेव्हापासून तीन हजारांहून जास्त वर्षं गेली, तरी कोंबडीच्या सवयी रानातल्याच राहिल्या. रात्री फांदीवर बसायचं, दिवसभर पाचोळा उकरायचा, दुपारी मातीत लोळायचं, अंधारा कोपरा शोधून अंडं घालायचं. परसात पिल्लं वाढवणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलं, तर खुराडं कसं बांधायचं ते कोंबडीच सांगते.

कवचाआडून गप्पा

अंडं उबायला २१ दिवस लागतात, हे घराघरात ठाऊक असतं. शेवटच्या दिवसांत आत काय चालतं, ते मात्र फारसं कुणी ऐकत नाही. पिल्लू आधी अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं, पहिला श्वास घेतं आणि कवच फुटण्याआधीच चिवचिवायला लागतं. वर बसलेली खुडूक कोंबडी हळू आवाजात त्याला ओ देते. अंडं कानाशी धरलं, तर आतली टकटकही कळते. कवच फोडायला पिल्लाच्या चोचीवर एक कणभर टणक टोक असतं, ते थोड्याच दिवसांत गळून पडतं.

बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोनेक दिवस दाणापाण्याशिवाय तग धरू शकतं. म्हणूनच भोकं पाडलेल्या खोक्यात बसून एक दिवसाची पिल्लं अंडी उबवणी केंद्रातून दूरदूरच्या गावांपर्यंत एसटीने सुखरूप पोचतात.

आणि यंत्राने अंडी उबवणं ही आजकालची गोष्ट असं वाटत असेल, तर इजिप्तकडे पाहा. तिथे हजारो अंडी उबवणाऱ्या मातीच्या भट्ट्या प्राचीन काळापासून आहेत. तिथले कारागीर थर्मामीटर वापरत नसत. अंडं उचलायचं, पापणीला टेकवायचं आणि ऊब बरोबर आहे की नाही ते ओळखायचं, हे कसब बापाकडून मुलाकडे जायचं.

पिल्लं म्हणजेच थर्मामीटर

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. पण आकड्यांपेक्षा पिल्लांकडे बघावं. दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर उकडतंय. सगळीकडे पांगून दाणे टिपत, मधेच पाय ताणून आडवी होत असतील, तर तुमचं जमलं! एक मात्र लक्षात ठेवा, एलईडी दिवा उजेड देतो, ऊब नाही. इथे जुना पिवळा बल्बच लागतो. आणि तो साखळीने घट्ट टांगलेला हवा, कारण कोरड्या तुसात पडलेला तापलेला बल्ब म्हणजे आग.

पिल्लांच्या भोवतीचं कडं गोल ठेवा. चौकोनी खोक्यात थंडी वाजली की ती कोपऱ्यात गर्दी करतात आणि खालची गुदमरतात. पत्रा, पुठ्ठा, बांबूची तट्टी, काहीही चालेल, फक्त कोपरा नको. खाली दोन इंच भाताचं तूस. नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद अंथरला, तर पाय घसरून फाकतात आणि काही पिल्लं कायमची अधू होतात.

पाण्याची पहिली ओळख तुम्हीच करून द्यायची. पिल्लू ओंजळीत घ्यायचं आणि चोचीचं टोक अलगद गुळाच्या कोमट पाण्यात बुडवायचं. ते क्षणभर थबकतं, मान वर करतं, डोळे मिटतं आणि घशातून थेंब खाली उतरताना दिसतो. कोंबडीला पाणी ओढून पिता येत नाही, दर घोटाला मान उंचवावीच लागते. एक शिकलं की बाकीची बघून शिकतात. भांडं उथळ हवं आणि त्यात चार गोटे टाकलेले, म्हणजे कुणी बुडणार नाही. रोज एकेक पिल्लू उलटं करून मागची बाजूही बघा. विष्ठा वाळून चिकटली असेल, तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसून काढा. दिसायला क्षुल्लक, पण वाट बंद झाली तर पिल्लू दगावतं.

आणि हो, पिल्लांना हिशेब कळतो! इटलीतल्या संशोधकांनी २००९ साली तीन-चार दिवसांच्या पिल्लांसमोर दोन पडद्यांआड प्लास्टिकचे छोटे गोळे लपवले. मग एका पडद्यामागचे काही गोळे त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या पडद्यामागे नेले. पिल्लं बहुतेक वेळा जास्त गोळे असलेल्या पडद्याकडेच गेली. बेरीज-वजाबाकी, तीही दिसत नसलेल्या वस्तूंची!

मानमोडीचा थेंब

गावोगाव जिला मानमोडी म्हणतात, तिचं इंग्रजी पुस्तकातलं एक नाव उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून पडलं. रोग भयंकर. मान पिरगळते, पंख लुळे पडतात, आणि वाडीतली सगळी खुराडी आठवड्याभरात रिकामी होतात. त्यावर उपाय काय? पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब, डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा. अडचण एवढीच की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठरवून एकाच सकाळी सगळ्यांची पिल्लं एकत्र आणावीत, बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणावी आणि तासाभरात काम उरकावं. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलंत, तर पुढच्या लशींचं वेळापत्रकही मिळेल. परसातल्या कोंबड्यांवर एवढं एकच काम केलं, तरी बाकीच्या चुका पोटात घालता येतात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा शत्रू रक्ती हगवण. ती ओल्या तुसात वाढते. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाकणं हे निम्मं औषध. आणि बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवायचा. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते.

खुराडं: आधी दांडी, मग भिंत

आता बांधकाम. लोक भिंतींपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, दांडीपासून करा. कोंबडीला उंचावर झोपायचं असतं. चार-पाच सेंटिमीटर रुंदीची, कडा गोल केलेली लाकडी पट्टी किंवा जाड बांबू, दर पक्ष्याला वीस-पंचवीस सेंटिमीटर जागा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावा. का? कोंबड्यांत मानपान कडक असतो. नॉर्वेच्या थोरलेइफ श्येल्डरुप-एब्बे याने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांची टोचाटोची बारकाईने नोंदवली आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जगाला दाखवून दिलं की कळपात कोण कुणाला टोचणार, याची उतरंड पक्की ठरलेली असते. वरची दांडी ठेवलीत की तिच्यासाठी रोज संध्याकाळी भांडण. आणि अंडी घालायची खोकी दांडीपेक्षा खालीच हवीत. नाहीतर पक्षी खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत सापडतात.

खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, तर ऊन आत घुसत नाही. दर पक्ष्याला दोन चौरस फूट जागा धरा. पागोळीखाली दोन्ही बाजूंना जाळी हवीच. हवा खेळती आहे का, हे उभ्याने कळत नाही. सकाळी दार उघडल्याबरोबर खाली वाका, पिल्लाच्या उंचीवर नाक न्या आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर तो विष्ठेतला अमोनिया. माणसाला क्षणभर नकोसा होणारा हा वास पिल्लं रात्रभर ओढत असतात. कोकणात जोतं दोन फूट उंच हवं आणि झडीच्या बाजूला गोणपाटाचा पडदा. तो पावसापुरता सोडायचा, उघडीप झाली की लगेच गुंडाळायचा.

जाळीचं गुपित अनेकांना नुकसान झाल्यावर कळतं. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. रानमांजर ती ओरबाडून फाडतं, लहान मुंगूस आणि धामण मोठ्या भोकांतून सरळ आत शिरतात. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश लावा आणि तीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीत आडवी पुरा. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरतो, आणि जाळी लागली की नाद सोडतो.

दिवसाचे शत्रू वेगळे. घार दिसली की कोंबडा एक आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रं आलं की दुसरा, आणि कोंबड्यांना दोन्हींतला फरक कळतो. पहिल्या आवाजाला त्या झुडपात दबकतात, दुसऱ्याला माना ताणून उभ्या राहतात. म्हणून अंगण लख्ख झाडून मोकळं ठेवण्यापेक्षा दोन-चार दाट जास्वंदी राहू द्याव्यात. तिथेच कोरडी माती आणि चुलीतली राख मिसळून एक खळगा करा. कोंबड्या त्यात लोळतात, पिसांत माती भरून घेतात आणि झटकतात. उवा-पिसवांवरचा हा त्यांचा स्वतःचा इलाज.

पिल्लं मोठी झाली की त्यांना खुराड्यात हलवायचा मुहूर्त अंधार पडल्यावरचा. कोंबडीला दिवसा आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अगदी अतिनील प्रकाशसुद्धा. पण रात्री ती जवळजवळ आंधळी. गुपचूप दांडीवर ठेवली की बसते. दोन-तीन दिवस आतच ठेवली, की त्यानंतर दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी येते.

बल्ब नको, आई हवी

जात कुठली निवडावी? हैदराबादच्या संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरूची गिरिराज या सुधारित जाती गावठी कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची कातडी, मांस, हाडं काळी, अंडं मात्र काळं नाही, फिकट बदामी असतं!

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते. पण ती खुडूक बसते आणि पिल्लं वाढवते. सुधारित जातींत हा गुण फारसा उरलेला नाही. म्हणून परसात दहा सुधारित कोंबड्या असल्या, तरी एक गावठी असावीच. वनराजाची अंडी तिच्याखाली ठेवा. किंवा बाहेरून आणलेली एक दिवसाची पिल्लं रात्री हळूच तिच्या पंखांखाली सरकवा. ती आधीच अंड्यांवर बसलेली असेल, तर बहुतेक वेळा सकाळी ती त्यांना आपलीच मानते. मग ऊब, दाणे ओळखणं, घारीपासून लपणं, सगळं शिकवायला तीच समर्थ. वीज गेली तरी चिंता नाही. कुणी वाळवीचं वारूळ फोडून तुकडा टाकला, तर तिची लगबग बघण्यासारखी असते. चोचीत वाळवी उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि पिल्लं धावत आल्याशिवाय स्वतः गिळत नाही.

कोंबड्याचं काय? पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, आणि त्यातले बहुतेक कोंबडी-वड्यांच्या वाटेला जातात, हे आधीच स्वीकारलेलं बरं. एक मात्र राखा. शेजाऱ्यांची झोप मोडते म्हणून त्याला अंधारात कोंडायचा विचार असेल, तर उपयोग नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला पाठच असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठाने २०१३ साली दाखवलं की झाकलेलं कोंबडंही पहाट ओळखतं! सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेआधीच आरवले. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आरवायचा पहिला मान कळपातल्या वरिष्ठ कोंबड्याचा असतो, बाकीचे क्रमाने मागून.

तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की पहिलं अंडं येतं, लहानसं, कधी बलकाशिवायचंही. तिने कुठे घालावं हे शिकवायला खोक्यात पेंढा आणि एक प्लास्टरचं खोटं अंडं ठेवा. कवच बनायलाच जवळजवळ वीस तास लागतात आणि त्यासाठी चुना हवा. कोकणात किनाऱ्यावरचे शिंपले कुटून ठेवले की झालं, बाकीच्यांनी बाजारातून आणावेत. एक अंडं पूर्ण व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून सकाळी घालणारी तलंग रोज थोडी उशिरा घालत दुपारवर सरकते, मग एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात. तेव्हा खोकी सकाळी एकदा पाहून थांबू नका, दुपारी चारच्या सुमाराला परत एकदा हात घाला.