विलायती डुकरीण आणि परसातला गोठा

गोव्याच्या खेड्यांत परसात डुक्कर पाळणे नवे नव्हे. काळे, लहानखुरे गावठी जनावर आवारात हिंडे, माती उकरी आणि पेज-कोंड्यावर वाढे. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातून आलेली पांढरी ‘लार्ज व्हाइट यॉर्कशर’ जात मात्र एका वेतात आठ-दहा पिले देते व वजनही लवकर धरते. साहजिकच लहान शेतकऱ्याला तिचा मोह पडतो.

आमच्या परिचयातील एका बाईंनी कर्ज काढून अशा दोन माद्या आणल्या. गोठ्याला सिमेंटची फरशी केली. घाणीचा मागमूस नव्हता. पहिल्या वेताची नऊ पिले गुटगुटीत होती. तिसऱ्या आठवड्यात ती फिकी पडली, सुस्तावली आणि चार दगावली. “इतकी स्वच्छता ठेवूनही?” हा बाईंचा प्रश्न आम्हालाही निरुत्तर करून गेला.

उत्तर पशुवैद्यांनी दिले. पिलाच्या अंगी जन्मतः लोहाचा साठा अल्प असतो आणि आईच्या दुधातही लोह फार थोडे. गावठी पिलू ते माती उकरून मिळवते. फरशीवरच्या पिलाला ते कोठून मिळणार? म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावेच लागते.

विलायती जनावर आणणे म्हणजे त्याची सारी दिनचर्या आणणे, हे आम्हास तेव्हा उमगले. डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि पांढरी कातडी उन्हाने भाजते. म्हणून सावली व दुपारी अंगावर पाणी हवे. अवजड आईखाली पिले चिरडू नयेत म्हणून भिंतीलगत आडवा दांडा हवा. हॉटेलातील उरलेले अन्न उकळूनच घालावे. २०२० साली भारतात प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर औषधोपचार नाही, आणि तो अशा अन्नातूनही गोठ्यात शिरतो.

ज्यांना एवढे करणे जमणार नाही, त्यांनी गावठी व विलायती यांच्या संकराची एखादी मादी घेऊन आरंभ करावा, असे आम्ही सुचवू. असे जनावर अधिक काटक असते.

बाईंनी मात्र धीर सोडला नाही. मादी फळल्यापासून ११४ दिवस मोजून त्यांनी दिनदर्शिकेवर विण्याच्या तारखेला खूण केली, आणि तिसऱ्या दिवसाला दुसरी. पुढच्या वेतातील आठही पिले जगली.