म्हशी, मासळी आणि मधमाश्या मोजणारं शपथपत्र

जमीन ओलिताची की कोरडवाहू? दुसऱ्याची बटईने करता का? म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती? मासळीचं उत्पन्न? मधमाश्या पाळता का? गेल्या ३ वर्षांत जमिनीतून काय मिळालं? हे सारं विचारलंय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, आणि तेही नवरा-बायकोच्या पोटगीच्या दाव्यात!

हा दावा उभा राहिला भंडाऱ्याच्या शेजारी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात. तिथून तो नागपूर खंडपीठात आणि पुढे दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला: पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत आणि देणी शपथेवर सांगायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. शपथपत्राचे नमुने ३ आहेत. शेतकऱ्यांसाठी वेगळा, मातृवंशीय मेघालयासाठी आणखी वेगळा.

भंडारा जिल्ह्यासाठी शेतकऱ्यांचा नमुना किती मोलाचा आहे बघा. धानाच्या बांधीला पगारपत्रक नसतं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून बहुतेकांचं रिटर्नही नाही. ‘मला काही मिळतच नाही’ म्हणणं सोपं होतं. आता बोडीतली मासळीही सांगावी लागते. शिवाय आधारभूत केंद्रावर धान विकलं की पैसे बँकेत जमा होतात, त्यामुळे पासबुकही बोलतं.

मात्र घटस्फोटात जमीन अर्धी होत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानतात आणि निम्मी वाटतात. आपल्याकडे सातबारा ज्याच्या नावाचा, जमीन त्याची. बायकोने वर्षानुवर्षं त्याच बांधीत रोवणी केली तरी! मला हे अन्यायाचं वाटतं. स्त्रीधन मात्र तिचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ते ठणकावून सांगितलं. मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या शाखेच्या महाराष्ट्रातल्या परंपरेत तर आणखी एक नवल आहे. बायकोला स्वतः वाटणी मागता येत नाही, पण बाप आणि मुलं वडिलोपार्जित मिळकत वाटून घेऊ लागली तर तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. घटस्फोट झाला की ती वाट बंद होते.

तरीही जमीन अगदी सुटत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ कायमच्या पोटगीचं आहे, आणि ते बौद्धांनाही लागू आहे. त्याखाली न्यायालय या पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकतं, सोसायटीच्या पीककर्जाचा असतो तसा. त्यामुळे परस्पर विक्री अवघड होते.

म्हणून बायांनो, कोऱ्या कागदावर फारकतीची सही करू नका. आधी सातबारा, आठ-अ, पासबुकाच्या प्रती आणि दागिन्यांच्या पावत्या जमवा. वकिलाच्या पैशांची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.