कंपनी कोण घेणार, आणि माल कोण घेणार?

नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचं एक गेट चोरखमाऱ्याला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अशा विरळ वस्तीच्या, जंगलकाठच्या गावांत टॉवर उभारणं खासगी कंपन्यांना परवडत नाही. तो भार बहुधा बीएसएनएलवर येतो. या टॉवरांवरची यंत्रं कोण बनवणार, यावर शेअर बाजारात मात्र कोट्यवधींची उलाढाल होते.

तेजस नेटवर्क्सचंच घ्या. बंगळुरूच्या या कंपनीचा शेअर 2017 साली 257 रुपयांनी बाजारात आला. जुलै 2021 मध्ये टाटा समूहाने पॅनाटोन फिनवेस्टमार्फत ती ताब्यात घ्यायचं जाहीर केलं. 25 टक्क्यांची पायरी ओलांडणाऱ्याला सेबीच्या नियमानुसार इतर भागधारकांकडून आणखी 26 टक्के शेअर विकत घ्यायची तयारी दाखवावी लागते. हीच ‘ओपन ऑफर’. तिचा भाव होता 258 रुपये. पण बाजारभाव त्याच्या बराच वर गेला, मग 258 ला शेअर कोण देणार?

कंपनी कोण विकत घेणार याच्या बातम्या आणि अफवा टेलिकॉम यंत्रांच्या या धंद्यात सतत उठतात. संशोधनाचा खर्च अफाट, गिऱ्हाईकं मोजकी आणि समोर हुआवेसारखा स्पर्धक. त्यामुळे कंपन्या एकमेकींना गिळतात. नोकियाने अल्काटेल-ल्युसेंट घेतली, 2025 मध्ये इन्फिनेराही. नॉर्टेल मात्र 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे तुकडे विकले गेले आणि भागधारकांच्या हाती काहीच लागलं नाही. विकत घेणारा येतो तो कधी शेअरसाठी, कधी फक्त पेटंटसाठी. हा फरक अफवेत कधीच सांगितला जात नाही.

तेजसचा पुढचा प्रवास याहून बोलका आहे. 2023 मध्ये टीसीएसकडून बीएसएनएलच्या एक लाख फोरजी-फाइव्हजी साइटसाठी 7,492 कोटींची ऑर्डर मिळाली. 2024-25 मध्ये उत्पन्न 8,923 कोटींवर पोचलं. माल पोचता झाला आणि पुढच्याच तिमाहीत उत्पन्न उरलं 202 कोटी, तोटा 194 कोटी. मालक तोच, टाटाच. पुढची मोठी ऑर्डर तेवढी आली नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: छोट्या गुंतवणूकदाराने ‘कोण घेणार’ ही कुजबुज बाजूला ठेवून तिमाही निकालातले दोन आकडे आधी पाहावेत. हातातल्या ऑर्डरी किती आणि गिऱ्हाइकांकडून येणं किती थकलंय? निम्म्याहून जास्त धंदा एकाच गिऱ्हाइकाचा असेल, तर त्या गिऱ्हाइकाची तिजोरीही तपासावी. बीएसएनएलच्या बाबतीत ती सरकारी पॅकेजवर चालते. अफवा पडताळायची सोयही आता झाली आहे: डिसेंबर 2024 पासून बाजारमूल्यात पहिल्या 250 कंपन्यांना, बातमीने भाव मोठा हलला तर, 24 तासांत खरं-खोटं सांगावं लागतं. तो खुलासा एक्सचेंजच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो.