लाकडावर लावावयाच्या इपॉक्सी रेझिनाचे विरलीकरण

लाकडावर ब्रशने इपॉक्सी रेझीन लावताना ते फार घट्ट आहे असा अनुभव येतो व त्यात थोडे थिनर मिसळण्याकडे सहज प्रवृत्ती होते. पातळ केलेले रेझीन खोल मुरेल आणि जितके खोल मुरेल तितके लाकडाचे रक्षण अधिक होईल, अशी या प्रवृत्तीमागील समजूत असते. तिचा पहिला भाग अंशतः खरा आहे. दुसरा मात्र टिकत नाही.

बिस्फेनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रिन यांपासून मिळणाऱ्या नेहमीच्या द्रव रेझिनाची श्यानता २५° से. तपमानास सुमारे ११,००० ते १४,००० सेंटिपॉइज असते. पाण्याची सुमारे १ असते. केशनलिकेत द्रव किती खोल शिरतो याचे गणित एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडले. त्यानुसार खोलीचा वर्ग हा नलिकेची त्रिज्या, द्रवाचा पृष्ठताण व काल यांच्या सम प्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. अर्थात श्यानता चतुर्थांश केली तरी खोली केवळ दुप्पट होते. शिवाय लाकडातील वाहिन्या व तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे आडव्या छेदाचे टोक रेझीन पुष्कळ शोषते. फळीच्या पृष्ठभागावर मात्र ते उघड्या पडलेल्या पेशींपलीकडे फारसे जात नाही.

आता विद्रावकाची किंमत पाहू. बोटबांधणीसाठी इपॉक्सी तयार करणाऱ्या अमेरिकेतील गूजन बंधूंच्या चाचण्यांत ५ टक्के लॅकर थिनर मिसळल्याने श्यानता सुमारे ६० टक्क्यांनी घटली. परंतु त्याबरोबरच दाब सहन करण्याची शक्ती सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाली. वरील सूत्राने पाहिले, तर या मोबदल्यात खोली फार तर दीडपटीहून किंचित अधिक वाढेल. या हानीचे कारण स्पष्ट आहे. रेझीन व अमाइन हार्डनर यांच्या संयोगाने जे रेणुजाल बनते, त्यात विद्रावकाला स्थान नसते. थराचा वरचा भाग घट्ट होण्यापूर्वी जो अंश उडून जात नाही, तो आत अडकतो व पुढे सावकाश बाहेर पडतो. परिणामी थर आकसतो आणि बाष्पाला वाट मिळते. ॲसिटोनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: किटोने प्राथमिक अमाइनांशी संयोग पावून किटिमाइन व पाणी निर्माण करतात आणि तेवढा हार्डनर आपल्या मूळ कार्यापासून दूर राहतो.

ब्यूटिल ग्लायसिडिल ईथरसारखे क्रियाशील विरलक जालातच सामावले जातात, म्हणून ते उडून जात नाहीत. तथापि त्यांच्या रेणूत एकच इपॉक्सी गट असल्याने साखळी तेथेच संपते, जाल विरळ होते व उष्णता सहन करण्याची क्षमता घटते. या गटांचा हिशेब धरूनच हार्डनरचे प्रमाण ठरवावे लागते. हे विरलक त्वचेस अपायकारक असल्याने हातमोजे आवश्यक ठरतात.

श्यानता कमी करण्याचा निर्दोष उपाय म्हणजे उष्णता होय. २५° वरून ५०° पर्यंत तापविल्यास उपरोक्त रेझिनाची श्यानता मूळच्या दशांशाहूनही कमी होते, आणि त्यात परकीय द्रव्य मुळीच मिसळावे लागत नाही. मात्र भांड्यातील मिश्रण तापविणे हिताचे नाही. तपमान १०° ने वाढले की मिश्रण वापरण्याजोगे राहण्याचा अवधी साधारणतः निम्मा होतो. म्हणून लाकूड कोमट करावे, उष्णतेचा स्रोत दूर करावा व मग रेझीन लावावे. पातळ थर लाकडाच्या उष्णतेने प्रवाही बनतो, आणि लाकूड निवताना आतील हवा आकुंचन पावून त्याला आत ओढते. याउलट सकाळी गार लाकडावर थर देऊन ते उन्हात तापू दिले, तर प्रसरण पावणारी हवा बाहेर पडते व थरात बुडबुडे आणि छिद्रे राहतात.

ओलाव्यापासून लाकडाचे रक्षण मुख्यतः पृष्ठभागावरील अखंड व पुरेशा जाडीच्या थरामुळे होते, आत मुरलेल्या रेझिनामुळे नव्हे. यास्तव आडव्या छेदाच्या टोकांना शोषण थांबेपर्यंत पुनःपुन्हा रेझीन द्यावे, आणि इतरत्र न पातळ केलेल्या रेझिनाचे दोन-तीन थर द्यावेत. थिनरने ब्रश फिरविणे सुलभ होते हे खरे. परंतु ज्या थराच्या भरवशावर लाकूड राहावयाचे, तोच थर त्याने दुबळा होतो.