गोड्या पाण्यातली फायबर होडी

बंगळूरच्या हलसूर तलावावर मद्रास इंजिनिअर ग्रुपचा ‘तृष्णा’ सेलिंग क्लब आहे. सेनेच्या इंजिनिअर दलातल्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ज्या ३७ फुटी फायबरग्लास नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचंही नाव तृष्णाच.

समुद्रापासून लांबच्या अशा शहरात जुनी फायबर होडी घ्यायला गेलात की विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘खाऱ्या पाण्यात कधी उतरलेलीच नाही.’ इंजिनाच्या आणि नटबोल्टांच्या बाबतीत ही जमेची बाजू खरी. होडीच्या बुडाच्या बाबतीत मात्र गणित उलटं आहे.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर आणि त्यांना बांधून ठेवणारं, बहुतेकदा पॉलिएस्टरचं, रेझिन. बाहेरून जेलकोटचा चकचकीत थर. तो जलरोधक दिसतो, पण पाण्याचे रेणू त्यातून सावकाश आत शिरतात. आत रेझिनमधली न जुळलेली विद्राव्य रसायनं असतात. ती पाण्यात विरघळून दाट द्रावण तयार होतं. मग परासरण सुरू होतं: भिजत घातलेला मनुका फुगतो तसं बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि जेलकोटवर फोड येतात. बाहेरचं पाणी जितकं कमी खारट, तितकी ही ओढ जास्त. पाणी कोमट असेल तर वेगही वाढतो. म्हणून वर्षानुवर्षं तलावात तरंगत ठेवलेल्या होडीचं बूड आधी बघावं. एखादा फोड टोचून पाहायचा तर मालकाला विचारून, आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच, कारण आतला द्रव दाबाखाली असतो. तो चिकट असला आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर रोग रेझिनपर्यंत पोचला आहे.

शर्यतीच्या लहान होड्या वापरून झाल्या की काठावर ओढून ठेवतात, त्यामुळे त्यांना फोड क्वचितच येतात. त्यांचं दुखणं आतल्या पोकळीत किंवा फोममध्ये मुरलेलं पाणी. इथे सर्वांत भरवशाचं यंत्र म्हणजे वजनकाटा. लेझर या शर्यतीच्या होडीचं नुसतं धड साधारण ५९ किलोंचं असतं. काटा ६५ दाखवत असेल, तर सहा लिटरपर्यंत पाणी आत असू शकतं. नाहीतर दुरुस्तीचे जाड थर चढलेले असतात.

नंतर नाणं घेऊन वीतभर अंतराने ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर थर घट्ट. मध्येच बद्द वाजलं तर तिथे थर सुटलेत, किंवा आत ओल आहे. दोन्ही बाजूंचे आवाज ताडून पाहावेत, कारण आतून आधार असलेल्या जागी आवाज एरवीही बदलतो. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा दिसल्या तर तिथे काहीतरी आदळलेलं असतं. समांतर भेगांची काळजी मला जास्त वाटते, कारण बूड त्या जागी सतत लवत असतं.

ओलावा मोजणारं मीटर कालपर्यंत पाण्यात असलेल्या होडीवर लावून उपयोग नाही. होडी काही आठवडे सुकली पाहिजे. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल, किंवा बुडाला नुकताच ताजा रंग मारलेला असेल, तर जेलकोट खरवडून, धुऊन, महिनोन्‌महिने सुकवून इपॉक्सी चढवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.